माळव्याचा समुद्र

जानापावच्या डोंगरावर पडणारा पाऊस दोन समुद्रांना जातो. उत्तरेच्या उतारावरचं पाणी चंबळेला मिळतं, पुढे यमुना आणि गंगा करत बंगालच्या उपसागरात पोचतं. दक्षिणेचं पाणी विंध्याचा कडा उतरून नर्मदेत पडतं आणि भडोचपाशी अरबी समुद्राला मिळतं. या डोंगरापासून पीथमपूर फार लांब नाही. इथल्या कारखान्यांत ट्रक बनतात, गाड्यांचे सुटे भाग बनतात, औषधं बनतात. त्यातला बराच माल कंटेनरमध्ये भरून जवळच्या टिहीच्या डेपोत रेल्वेवर चढतो आणि बंदराकडे निघतो. कंटेनरला सील लागलं की इथल्या माणसाच्या लेखी त्या मालाचा प्रवास संपतो. पुढे समुद्र आहे हे कागदावर ठाऊक असतं, तेवढंच.

माळव्यातली आम्ही मराठी माणसं स्वतःला घोड्यावरून आलेली मानतो. धार आणि देवासचे पवार, इंदूरचे होळकर, ग्वाल्हेरचे शिंदे. आमच्या घरांतल्या गोष्टींत नर्मदेचे उतार असतात, पानिपत असतं, चौथाईच्या सनदा असतात. गलबत कुठेच नसतं. समुद्र कोकणातल्यांचा आणि डोंगर-मैदान आपलं, अशी वाटणी कधीतरी होऊन गेली. धार जिल्ह्यात राहून या वाटणीकडे पाहिलं की ती टिकत नाही. म्हणून या वर्षी पाऊस सरल्यावर मी खांदेरीला गेलो. अलिबागजवळच्या थळसमोर समुद्रात उभा असलेला हा किल्ला आणि त्याच्या माथ्यावरचं दीपगृह मला एका धारकराच्या नजरेने पाहायचं होतं.

धारकराची नजर म्हणजे काय, तर सुरुवात राजा भोजापासून करावी लागते. अकराव्या शतकात धारेत राज्य करणाऱ्या या परमार राजाच्या नावावर 'युक्तिकल्पतरु' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात नावा बांधण्यावर एक प्रकरण आहे. नदीत चालणाऱ्या सामान्य नावा आणि समुद्रात जाणाऱ्या विशेष नावा अशी विभागणी, त्यांची लांबी-रुंदी-उंचीची मापं, कोणतं लाकूड कशाला चालतं याचा विचार, चार डोलकाठ्यांच्या नावेला पांढरा रंग आणि तीन डोलकाठ्यांच्या नावेला तांबडा, इथवर तपशील. वर बांधलेल्या दालनावरून नावांची नावं: टोकापासून टोकापर्यंत दालन असलेली सर्वमंदिरा, मध्येच दालन असलेली मध्यमंदिरा, पुढच्या बाजूला दालन असलेली अग्रमंदिरा. खजिना, घोडे आणि स्त्रिया न्यायला सर्वमंदिरा. लांबच्या प्रवासाला आणि युद्धाला अग्रमंदिरा. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ साली भारतीय नौकानयनाचा इतिहास लिहिला तेव्हा या ग्रंथाचा भरपूर आधार घेतला.

समुद्रात जाणाऱ्या नावेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, कारण समुद्रातले लोहचुंबकाचे खडक तिला ओढून घेतात, असंही त्यात सांगितलं आहे. चुंबकाच्या खडकांची गोष्ट ही दंतकथाच. पण तिच्यामागची रीत खरी होती. अरबी समुद्रात शतकानुशतकं फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून जहाजं बांधत. शिवलेलं जहाज लाटेचा मार लवचीकपणे झेलतं, वाळूवर आपटलं तरी एकदम फुटत नाही. त्याच पद्धतीने गोव्यात बांधलेलं 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज मे २०२५ मध्ये कारवारला भारतीय नौदलात दाखल झालं. त्याचा नमुना घेतला तो अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रातल्या जहाजावरून. म्हणजे अजिंठ्याच्या चित्रकाराला जहाज ठाऊक होतं, धारेच्या ग्रंथाला जहाज ठाऊक होतं, आणि ही दोन्ही ठिकाणं किनाऱ्यापासून कितीतरी आत आहेत. समुद्राचं ज्ञान फक्त किनाऱ्यावर राहत नसे, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

पीथमपूरहून मुंबईकडे जायला जुना आग्रा रोड. मानपूरचा घाट, खलघाटला नर्मदा, सेंधवा, धुळे, नाशिक. पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराचं मंदिर आहे, त्याच्या कमानीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती पोर्तुगीजांची, तिच्यावर १७२१ हे साल कोरलेलं आहे. वसईच्या मोहिमेनंतर अशा कितीतरी घंटा देशावरच्या देवळांत आल्या. वसई घेतली चिमाजीअप्पांनी, मे १७३९ मध्ये, आणि माळव्यातून मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे तिथे जाऊन पोचले होते. याच चिमाजीअप्पांनी त्याआधी २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याला मुघल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला आणि माळव्याचं दार उघडलं. अमझेरा धार जिल्ह्यात आहे. माळवा आणि पश्चिम किनारा या दोन वेगळ्या कहाण्या नाहीत; सेनापती एक, सरदार बरेचसे तेच, काळ दहा-अकरा वर्षांचा.

थळला पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. खाडीच्या चिखलात होड्या कलंडून पडल्या होत्या, बायका टोपल्यांतली मासळी निवडत होत्या. इथून समोर दोन बेटं दिसतात. किनाऱ्याजवळची उंदेरी, ठेंगणी, काळी, तटबंदीने वेढलेली. तिच्यापलीकडे खांदेरी, दोन टेकाडांची, आणि एका टेकाडावर पांढरा मनोरा. उत्तरेला खत कारखान्याच्या चिमण्या. कारखान्यांच्या गावातून आलेल्या माणसाला त्या पाहून परकं वाटत नाही.

होडी उंदेरीला वळसा घालून पुढे सरकते तेव्हा इथलं भूगोलाचं गणित आपोआप उलगडतं. दक्षिणेला सिद्दीचा जंजिरा, उत्तरेला मुंबई. सिद्दीचं आरमार पावसाळा काढायला मुंबईच्या बंदरात यायचं, इंग्रज त्याला आसरा द्यायचे. या दोघांच्या मध्ये खांदेरी. मुंबई बंदरात शिरणारं आणि तिथून निघणारं जहाज या खडकावरून नजरेच्या टप्प्यात राहतं. शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये इथे बांधकामाचा पहिला प्रयत्न केला, तो इंग्रज आणि सिद्दीच्या हरकतीमुळे राहिला. ऑगस्ट १६७९ मध्ये, ऐन पावसाळ्यात, काम पुन्हा सुरू झालं. मोहिमेचा म्होरक्या होता मायनाक भंडारी. इंग्रजांच्या पत्रांत त्याच्याबरोबरच्या दीडशे माणसांचा उल्लेख येतो.

पुढचे पाच महिने जे घडलं ते आपल्या शाळेच्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात, आणि मला ते फार खटकतं. पावसाळी समुद्रात, खडकाळ बेटावर, वर तोफा रोखून उभी असलेली इंग्रजी गलबतं, आणि खाली चुना, दगड, धान्य, गोडं पाणी सगळं किनाऱ्यावरून न्यायचं. हे काम तटावरच्या शिपायांइतकंच होड्या वल्हवणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांचं होतं. इंग्रजांची जहाजं मोठी, शिडांवर चालणारी, वारा पडला की जागच्या जागी. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ तळाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्री त्या किनाऱ्याच्या कडेकडेने खडपांमधून निसटत आणि बेटाला लागत. मोठं जहाज त्या पाण्यात शिरूच शकत नसे. १९ सप्टेंबरला थॉर्प नावाचा इंग्रज लेफ्टनंट बेटाच्या फार जवळ गेला आणि मारला गेला.

१८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे दौलतखानाच्या हुकमतीखालचं मराठी आरमार नागावच्या बाजूने चालून आलं. 'डव्ह' हे इंग्रजांचं गलबत मराठ्यांच्या हाती पडलं, बाकीची लहान गलबतं मागे हटली. कॅप्टन केग्विनचं 'रिव्हेंज' मात्र टिकून लढलं आणि मराठ्यांचं आरमार नागोठण्याच्या खाडीकडे परतलं. इंग्रजी कागदपत्रांत हा आपला विजय म्हणून मांडलेला आहे. त्या दिवसापुरतं त्यात तथ्यही आहे. पण नाकेबंदी कशासाठी होती? बेटावरचं काम बंद पाडण्यासाठी. ते बंद पडलं नाही. तट वर चढत राहिला, होड्या रात्री ये-जा करत राहिल्या, आणि जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी गलबतं मागे घेतली. सिद्दीने त्याच महिन्यात शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. समोरासमोरची ही दोन बेटं पुढची कित्येक वर्षं एकमेकांवर तोफा डागत राहिली. महाराज ३ एप्रिल १६८० रोजी गेले. खांदेरी हे त्यांच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून खांदेरी घ्यायला आला, तेव्हा ती कान्होजी आंग्र्यांकडे होती. तोही हात हलवत परत गेला.

बेटाला लागताना तटाच्या पायथ्याशी सुटे धोंडे पसरलेले दिसतात. लाटेचा जोर तटावर येण्याआधीच मोडावा म्हणून ते आहेत. त्यांच्यावर कालवं बसून धारदार कडा तयार झालेल्या. होडीच्या तांडेलाने उतरण्याआधी पायातलं काढू नका म्हणून बजावलं, आणि का ते पहिल्याच पावलाला कळलं: ओला दगड निसरडा आणि कालवाची कड वस्तऱ्यासारखी. अनवाणी उतरणाऱ्या शत्रूला इथे रात्री काय सोसावं लागलं असेल, त्याचा अंदाज येतो.

आत शिरल्यावर आधी वेताळाचं देऊळ. किल्ल्यापेक्षा कोळ्यांच्या लेखी हे ठाणं मोठं. मूर्ती नाही, शिळा आहे. नवी होडी पाण्यात घातलेली माणसं, नवस बोललेली माणसं इथे येतात. किल्ला कोणाच्याही ताब्यात असला तरी वेताळ कोळ्यांचाच राहिला. पुढे एक मोठा धोंडा आहे, त्यावर लहान दगडाने ठोकलं की भरल्या पितळी हंड्यावर थाप मारावी तसा नाद येतो. शेजारचे धोंडे ठोकून पाहिले, ते मुके. या एकाच धोंड्यावर ठोकण्याच्या खळग्यांची दाटी झाली आहे, इतक्या पिढ्यांच्या हातांनी तो वाजवला.

तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत. जमिनीवर पडलेल्या तोफा महाराष्ट्रात गडोगडी दिसतात, गाडा शाबूत असलेली तोफ विरळा. मी एका गाड्याजवळ बराच वेळ बसलो. पीथमपुरात आयुष्य गेलं की चाक, आस, बेअरिंग यांच्याकडे नजर आपसूक जाते. ओतीव लोखंडाचं चाक, आसाच्या टोकाला घट्ट बसलेला गंज, खाऱ्या वाऱ्याने पापुद्रे सुटलेले. हात लावला की तांबडी पूड बोटांना लागते. हा गाडा फार वर्षं टिकायचा नाही. समुद्रकाठच्या लोखंडाचं जतन हे खास शास्त्र आहे, त्यातलं मीठ काढल्याशिवाय वरून लावलेला रंग काही कामाचा नसतो. खांदेरीवर आता सगळ्यात आधी कशाची तजवीज व्हावी असं मला विचारलं, तर मी या गाड्यांकडे बोट दाखवीन.

आणि मग दीपगृह. खांदेरी १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेली. त्यांनी १८६७ साली टेकाडाच्या माथ्यावर अष्टकोनी दगडी मनोरा उभारला, सुमारे पंचवीस मीटर उंच, पायथ्याशी राहायची इमारत. किल्ले पाहायला येणारे अनेकजण त्याच्याकडे पाठ फिरवतात. मावळ्यांच्या तटात ही साहेबाची इमारत कशाला, असा सूर असतो. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण माळव्यात आहे.

एकोणिसाव्या शतकात या समुद्रातून काय जात होतं? माळव्याची अफू. मंदसौर, रतलाम, इंदूर, धार या पट्ट्यात पिकणारी. आधी ती ईस्ट इंडिया कंपनीला चुकवून कराचीकडून वळसा घालत दमणला पोचे. १८३० च्या दशकापासून कंपनीने पेटीमागे शुल्क घेऊन तिला मुंबईचा रस्ता मोकळा केला. इंदुरात वजन झालेल्या पेट्या घाट उतरून मुंबईला येत आणि तिथून चीनला जात. मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्या त्यावर उभ्या राहिल्या. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती कापूस आणि अफूच्या याच व्यापारातली. चीनमधल्या घराघरांचं या मालाने काय झालं हे आपण माळव्यात फारसं बोलत नाही. बोललं पाहिजे. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव आभाळाला भिडवले आणि मुंबईत जहाजांची गर्दी झाली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. खांदेरीचा दिवा या दोन घटनांच्या मधला. कोलाब्याच्या टोकावरचा प्राँग्ज दीपस्तंभ १८७५ चा. मुंबई बंदराच्या तोंडाशी एकामागून एक दिवे लागले ते या मालासाठी, आणि त्या मालात माळव्याचा वाटा मोठा होता.

दिव्यामागची कारागिरीही समजून घेण्यासारखी. १८२० च्या दशकापर्यंत दीपगृहांत ज्योतीमागे आरसा ठेवत. पुष्कळसा उजेड आकाशात आणि जमिनीवर वाया जाई. फ्रेंच अभियंता ऑगस्टँ फ्रेनेल याने काचेच्या लोलकांच्या कड्या एकाभोवती एक रचून असं भिंग केलं की वर-खाली-आजूबाजूला पळणारा उजेड वळून क्षितिजाकडे आडवा जाऊ लागला. १८२३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कोर्दुआँ दीपगृहात ते पहिल्यांदा बसलं. पुढे भिंगाचं सगळं ओझं पाऱ्याच्या हौदात तरंगवायची युक्ती निघाली. टनावारी वजन बोटाने ढकललं तरी फिरे. ते फिरवायला घड्याळासारखं यंत्र असे, मनोऱ्याच्या पोकळीत सोडलेल्या वजनावर चालणारं, आणि ते वजन रात्रीतून पुन्हा पुन्हा वर ओढावं लागे. दिवसा भिंगाभोवती पडदे लावून घ्यायचे, नाहीतर सूर्यच त्यातून आत उतरून आग लावी. तेल भरणं, वात कापणं, काच पुसणं, नोंदवही लिहिणं, पावसाळ्यात किनाऱ्याचा संबंध तुटल्यावर साठवलेल्या धान्यावर दिवस काढणं. ही माणसं इतिहासात नावाने येत नाहीत. प्रत्येक दीपगृहाच्या लकाकण्याचा ताल ठरलेला असतो, तो छापील यादीत असतो, आणि खलाशी लकाकण्यांमधले सेकंद मोजून आपण कुठे आहोत ते ओळखतो. आज उपग्रहाने जागा कळते. तरी थळच्या तांडेलाने सांगितलं की रात्री परतताना नजर आधी खांदेरीच्या दिव्याकडेच जाते.

माथ्यावरून उत्तरेला पाहिलं की मुंबईच्या बाजूला नांगरून पडलेली जहाजं दिसतात. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. पीथमपूरचा कंटेनर तिथून निघाला की याच पाण्यात येतो.

इथेच मला धारच्या किल्ल्याची आठवण झाली. दुसरे बाजीराव पेशवे १७७५ साली धारच्या किल्ल्यात जन्मले. वडील राघोबा पुण्याबाहेर पडलेले, आई आनंदीबाई धारच्या पवारांच्या आश्रयाला. किल्ल्यात आजही खरबूजा महाल दाखवतात. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा हेच बाजीराव कोकणात उतरले आणि इंग्रजांच्या जहाजात बसून वसईला गेले. कोकणातून वसईला समुद्राने जायचं तर वाट या पाण्यातूनच. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला आणि मराठी राज्याची सूत्रं कंपनीच्या हाती जाऊ लागली. धारेत जन्मलेला पेशवा, माळव्याच्या होळकरांच्या भीतीने, इंग्रजांच्या शिडाखाली. त्याच्या मदतीला जाऊ शकेल असं बलाढ्य मराठी आरमार तेव्हा उरलंच नव्हतं.

ते का उरलं नव्हतं? त्याचं उत्तर विजयदुर्गला आहे. कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी गेले. त्यांच्या मुलांत भांडणं झाली. त्यांतले तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी विजयदुर्गच्या खाडीत तुळाजींचं आरमार जाळलं. तुळाजींचे अपराध असतीलही. पण घरातला तंटा मिटवायला परक्याला बोलावून आपलीच गलबतं जाळून घेणं, याची भरपाई नंतर कुठल्याही सरदाराला करता आली नाही. पानिपतावर आम्ही माळव्यातले लोक हळहळतो, कारण तिथे आमची माणसं पडली. धारचे यशवंतराव पवार तिथेच पडले. विजयदुर्गावर हळहळणारा मला इथे कोणी भेटलेला नाही. माझ्या मते १७५६ ची ती आग पानिपताइतकीच महत्त्वाची.

खांदेरीच्या दीपगृहाला १९९८ मध्ये कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं. बूनच्या आरमाराला परतवणाऱ्याचं नाव इंग्रजांनी बांधलेल्या दिव्याला, हे मला मनापासून पटतं. किल्ला आणि दीपगृह दोन्ही त्या बेटाचे, दोन्ही आपले. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने जागतिक वारशात समाविष्ट केलेल्या बारा मराठा किल्ल्यांत खांदेरी आहे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गही आहेत. आता पैसा येईल, जेट्टी सुधारेल, गर्दी वाढेल. त्या सुधारणेत तट, तोफांचे गाडे, वेताळाचं ठाणं आणि १८६७ चा मनोरा या चारही गोष्टींना सारखं लेखलं गेलं पाहिजे. दीपगृहांच्या जुन्या यंत्रसामग्रीबद्दल तर विशेष काळजी हवी. एलईडीचा छोटा दिवा बसला की जुनं भिंग, जुनं यंत्र अडगळीत जातं, आणि अडगळीतलं पितळ फार दिवस राहत नाही. जे आहे ते जागच्या जागी, माहितीफलकासह राहावं. १९२७ च्या दीपगृह कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या कायद्यात वारसा दीपगृहं जाहीर करण्याची तरतूद आहे, तिचा उपयोग इथे करता येईल.

पीथमपूर, धार, देवासच्या शाळांच्या सहली मांडूला जातात, महेश्वरला जातात, उज्जैनला जातात. त्यांतली एक सहल थळला जावी, अशी माझी सूचना आहे. रात्रभराचा प्रवास आहे, तो इथली मुलं शिर्डीसाठी करतातच. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस बरे. बेटावर उतरण्याच्या परवानगीची आधी चौकशी करावी, भरती-ओहोटीच्या वेळा पाहून निघावं, पायात घट्ट बूट असावेत, पिण्याचं पाणी बरोबर न्यावं. जाण्याआधी मुलांना धारचा किल्ला आणि अमझेरा दाखवावा, टिहीच्या डेपोत एखादा कंटेनर गाडीवर चढताना दाखवावा. मग ते बेटावर गेले की काय पाहायचं हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.